पडद्यावरचा व्यसनी आणि चिकित्सालयातला रुग्ण

चित्रपटातील व्यसनी मनुष्य ओळखण्यास प्रेक्षकाला क्षणभरही पुरतो. विस्कटलेले केस, वाढलेली दाढी, अडखळणारी पावले आणि मुखी एखादे जिव्हारी लागणारे वाक्य. रुग्णाचे आप्त चिकित्सकासमोर बसतात तेव्हा त्यांच्या मनात बहुधा हेच चित्र असते आणि त्याच्याशी ताडून पाहूनच ते सांगतात, "आमचा मुलगा तसा नाही हो, वैद्यराज." मुलगा खरोखरच तसा नसतो. पडद्यावरच्यासारखे व्यसनी फारच थोडे असतात. म्हणूनच चित्रपट व्यसनाचे दर्शन कितपत यथार्थ घडवतात, हा प्रश्न केवळ रसिकांचा राहत नाही. तो आपल्या व्यवसायाचाही होतो.

व्यसन सोडतानाच्या यातनांचे जे दृश्य जगभरच्या चित्रपटांत पुनःपुन्हा दिसते, त्याचा एक ठळक नमुना 1955 साली ओटो प्रेमिंजर यांच्या 'द मॅन विथ द गोल्डन आर्म' या चित्रपटात आढळतो. फ्रँक सिनात्रा यांनी रंगविलेला नायक खोलीत कोंडून घेतो, तडफडतो, आणि थोड्याच दिवसांत मुक्त होऊन बाहेर पडतो. अमेरिकेतील निर्मात्यांच्या आचारसंहितेने त्या काळी हा विषयच निषिद्ध ठरविला होता. चित्रपट मान्यतेच्या मोहोरेवाचून प्रदर्शित करावा लागला. ते धाडस वंदनीय होते. परंतु 'कोंडले की सुटते' ही समजूत अशा दृश्यांनी घट्ट केली, आणि आजही कित्येक घरांत वडील मंडळी तोच उपाय सुचवतात. 1996 च्या 'ट्रेनस्पॉटिंग'मध्येही आईवडील मुलाला त्याच्या खोलीत कोंडतात. त्याला छतावरून रांगत येणारे मृत अर्भक दिसते. दृश्य अंगावर काटा आणणारे आहे खरे, पण हेरॉइन सोडताना असे भास होणे हा नेहमीचा प्रकार नव्हे.

मग नेहमीचा प्रकार कोणता? शेवटच्या मात्रेनंतर साधारणतः आठ ते बारा तासांत जांभया येऊ लागतात. नाक व डोळे वाहतात, अंगावर शहारे येतात, पोटात कळा येऊन जुलाब होतात, पाय स्वस्थ राहत नाहीत आणि झोप उडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास कळसाला पोहोचतो व आठवडाभरात बहुतेक शारीरिक लक्षणे ओसरतात. अनशापोटी जांभया देणारा, नाक पुसणारा नायक कोणता दिग्दर्शक दाखवील? पाहणाऱ्याला तो पडशाने बेजार झालेला वाटेल. रुग्णाला मात्र मरणप्राय यातना होत असतात. एरवी सुदृढ असलेल्या माणसाचा प्राण त्याने क्वचितच जातो; जुलाब-उलट्यांनी शरीरातील जलांश घटू नये एवढी दक्षता घ्यावीच लागते.

प्राणावर बेतते ते मद्य एकाएकी सोडण्याने. चित्रपटांनी इथे उलटापालट केली आहे. हेरॉइनचा विरह त्यांनी भीषण रंगविला आणि दारुड्याला विनोदासाठी राखून ठेवले. केश्तो मुखर्जी यांच्यासारख्या गुणी नटाची सारी ओळखच झिंगलेल्या माणसाच्या भूमिकांवर उभी राहिली. देवदासाच्या वाट्याला विनोदाऐवजी करुणरस आला, पण प्रमथेश बरुआंच्या 1935 च्या बंगाली चित्रपटापासून 2002 च्या भव्य हिंदी आवृत्तीपर्यंत त्याच्या मद्यपानाचे कारण प्रेमभंगच राहिले, आणि प्रेक्षक त्या पेल्याकडे शोकाचे चिन्ह म्हणून पाहत आले. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू अचानक थांबवली, तर काही तासांतच हात कापू लागतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि साधारण तिसऱ्या दिवसाच्या सुमारास ज्वर, घाम, भ्रम व भास असलेली प्रलापावस्था उद्भवू शकते. उपचार न मिळाल्यास ती घातक ठरते. अशा रुग्णाला घरी कोंडण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर आपण तो स्पष्ट शब्दांत मोडून काढला पाहिजे आणि रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात पाठविले पाहिजे. येथे पद्धतींचा अभिनिवेश उपयोगाचा नाही.

पडद्याला सर्वांत अवघड जाते ते काळाचे चित्रण. दोन-अडीच तासांत पतन आणि उद्धार दोन्ही बसवायचे, म्हणजे निर्धाराचा एक प्रसंग आणि त्यापुढे प्रकाशमान सकाळ. वास्तवात मनुष्य सोडतो, पुन्हा धरतो, पुन्हा सोडतो. आपल्या रंगभूमीने हे फार आधी जाणले होते. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तील सुधाकर दारू सोडतो, परंतु कामाच्या शोधात पदरी अवहेलना आल्यावर पुन्हा तिच्याकडे वळतो. 1919 साली रंगमंचावर आलेल्या नाटकात पुनःपतनाला एवढे स्थान आहे! चरकाचार्यांनी तर मदात्ययाच्या अध्यायात त्यासाठी स्वतंत्र संज्ञाच योजल्या. मद्य सोडून दिलेला मनुष्य सहसा अतिमात्रेने पुन्हा पिऊ लागला, की ध्वंसक व विक्षय हे विकार होतात, असे ते सांगतात, आणि ध्वंसकात आवाज सहन न होण्यासारखे बारीक लक्षणही नोंदवतात. अफू-हेरॉइनच्या बाबतीत पुनःपतनाचे गांभीर्य आणखी वाढते. काही आठवडे दूर राहिल्यावर शरीराची सहनशक्ती घटलेली असते. जुनीच मात्रा आता श्वास थांबवू शकते. व्यसनमुक्ती केंद्रातून वा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले दिवस म्हणूनच सर्वाधिक जोखमीचे. चित्रपट नेमका त्याच दारापाशी, सामान हाती घेतलेल्या नायकावर संपतो.

अतिमात्रेच्या उपचाराचे सर्वांत प्रसिद्ध दृश्य 1994 च्या 'पल्प फिक्शन'मधील. हेरॉइनने निपचित पडलेल्या स्त्रीच्या छातीत ॲड्रिनॅलिनची सुई खुपसली जाते आणि ती ताडकन उठून बसते. वैद्यकदृष्ट्या हे निव्वळ नाट्य आहे. मंदावतो तो श्वास. त्यावरचे औषध नालॉक्सोन, आणि ते स्नायूत, शिरेत किंवा नाकावाटे देतात. छातीत सुई खुपसण्याचे काही कारण नाही.

पदार्थांची निवडही पाहावी. पडद्याला पांढरी भुकटी आणि श्रीमंतांच्या मेजवान्या प्रिय. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल 2019 साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार 10 ते 75 वयोगटातील 14.6 टक्के लोक मद्य घेतात, 2.1 टक्के अफूजन्य पदार्थ घेतात, आणि कोकेनचे प्रमाण 0.1 टक्क्याच्या आसपास आहे. द्रव्ये हुंगण्याची सवय प्रौढांपेक्षा मुलांत अधिक आढळली. म्हणजे पुलाखाली रुमालात द्रव ओतून हुंगणारे पोर हा खरा विषय. पण त्याच्यावर कॅमेरा क्वचितच स्थिरावतो. या दृष्टीने 2016 चा 'उडता पंजाब' उल्लेखनीय वाटतो. सेन्सॉर मंडळाशी झालेला त्याचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला, आणि चर्चा त्या वादाचीच अधिक झाली. वस्तुतः औषधांच्या दुकानांतून पसरणाऱ्या व्यसनाकडे त्याने बोट दाखविले, हे महत्त्वाचे. महाराष्ट्रात याविषयीची जाण वाढविण्याचे श्रेय मात्र चित्रपटांपेक्षा अनिल अवचटांच्या 'गर्द'सारख्या लेखनाला आणि 1986 साली पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगणला द्यावे लागेल. ब्राऊन शुगर आपल्याकडे सुईपेक्षा चकचकीत कागदावर तापवून धूर ओढण्याच्या रीतीने अधिक पसरली. पडद्यावर मात्र अंमली पदार्थ म्हटले की आधी सुईच दिसते.

राहता राहिला तो आपला स्वतःचा डोळा. इस्त्रीचा सदरा घातलेला, वेळेवर कचेरीत जाणारा पन्नाशीचा गृहस्थ आम्लपित्त, निद्रानाश आणि सकाळची मळमळ अशा तक्रारी घेऊन येतो. त्याची पावले अडखळत नाहीत, बोलणे मृदू असते, आणि आपण मद्याविषयी विचारावे असे त्याच्या चेहऱ्यावर काहीच लिहिलेले नसते. तो दुसरीकडे उपचार घेत असेल, मद्य सुटावे म्हणून डायसल्फिराम घेत असेल, आणि संकोचाने ते सांगत नसेल, हेही संभवते. अशा रुग्णाला सवयीने एखादे आसव वा अरिष्ट लिहून दिले, तर त्यातील स्वयंनिर्मित मद्यांशामुळे चेहरा लाल होणे, छाती धडधडणे, उलट्या, रक्तदाब उतरणे अशी प्रतिक्रिया उमटू शकते. मद्य सोडलेल्याला त्या चवीची व गंधाची आठवण होते ते निराळेच. तेव्हा आसवारिष्ट लिहिण्यापूर्वी, समोरचा मनुष्य कितीही टापटीप दिसो, एकांतात आणि दोषारोपाचा सूर न लावता मद्याची व चालू औषधांची विचारपूस करावी. तोच गुण क्वाथ वा चूर्णाने साधत असेल, तर ती कल्पना निवडावी.