भुलेश्वर: एकाच देवळात अनेक शतकं

कुरकुंभ म्हटलं की आता अनेकांना औद्योगिक वसाहत आठवते. पण गावाची जुनी ओळख फिरंगाई देवीची. दौंड परिसरातल्या गावांचा इतिहास कागदांत कमी आणि देवळांच्या दगडांत जास्त सापडतो. तो कसा वाचायचा, हे शिकायला सोलापूर रस्त्याने पुण्याकडे निघावं आणि यवतजवळ डावीकडे वळून डोंगरावरचं भुलेश्वर गाठावं. गाव माळशिरस, पुरंदर तालुक्यातलं, सोलापूर जिल्ह्यातलं माळशिरस नव्हे.

पहिल्या भेटीत माणूस गोंधळतो. समोर चुन्याने लिंपलेल्या भिंती, घुमट, विटांचं शिखर. हे तेराव्या शतकातलं यादवकालीन देऊळ? एखाद्या गढीत शिरल्यासारखं वाटतं, आणि त्यात तथ्यही आहे. 1630च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे उद्ध्वस्त केल्यावर या डोंगरावर दौलतमंगळ किल्ला बांधला. देऊळ त्या तटबंदीच्या आत आलं.

अरुंद, अंधाऱ्या पायऱ्या चढून गेलं की काळ बदलतो. काळ्या बेसाल्टच्या भिंतींवर हत्तींच्या रांगा, सुरसुंदरी आणि महाभारतातले प्रसंग उमटलेले दिसतात. गणपतीचं स्त्रीरूप असलेली वैनायकी इथे आहे, खाली तिचा उंदीरही आहे. महाराष्ट्रात हे शिल्प दुर्मीळ, त्यामुळे अभ्यासक तिच्यासाठी मुद्दाम येतात. मात्र अनेक मूर्तींचे चेहरे आणि हात फोडलेले आहेत. ही मोडतोड मुघल फौजांनी केली, असं परंपरा सांगते. तरीही कमरेची लय आणि दागिन्यांची नक्षी पाहताना पाथरवटाच्या हाताची ताकद जाणवते.

अशा देवळांना सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणायची आपल्याला सवय आहे. हे नाव ज्याच्यावरून आलं, तो हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबरनाथचं शिलाहारकालीन शिवमंदिर 1060 सालचं, त्याच्या दोनशे वर्षं आधीचं! दगडात खाचा-कुसू काढून, चुन्याशिवाय चिरे बसवायची रीत त्याच्याही आधी रुळलेली होती.

भुलेश्वरचं विटांचं शिखर त्या मूळ दगडी बांधणीचं नाही, ते नंतरच्या काळातलं आहे. कुणाला ते ठिगळ वाटेल. पण पडलेलं देवस्थान लोकांनी पुन्हा उभं केलं, याचा तो पुरावा आहे, म्हणून ते मूळ दगडाइतकंच मोलाचं.

भीमेपलीकडे पेडगावात हीच गोष्ट वेगळ्या रूपात भेटते. मुघल सरदार बहादूरखान कोकलताशच्या बहादूरगडात यादवकाळातलं कोरीव लक्ष्मीनारायण मंदिर उभं आहे. फेब्रुवारी 1689 मध्ये संभाजी महाराजांना कैद करून याच गडावर आणलं होतं.

इंग्लंडमधल्या खेड्यांतली मध्ययुगीन चर्चही अशीच थरांची आहेत. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत त्यांच्या भिंतींवरची चित्रं चुन्याने पांढरी केली गेली. पुढे कित्येक ठिकाणी तो चुना अलगद उतरवला, तेव्हा चित्रं पुन्हा उजेडात आली. चुन्याखाली ती टिकून राहिली होती.

आपल्या देवळांना फासला जाणारा ऑइलपेंट मात्र इतका दयाळू नसतो. दगडातला ओलावा त्याच्या पापुद्र्यामागे कोंडतो आणि कालांतराने कोरीव कामाचे पोपडे सुटतात. शिलालेखाच्या अक्षरांत रंग भरला की अक्षरं बुजतात. रंग काढायला वाळूचा फवारा मारला, तर छिन्नीच्या बारीक खुणाही जातात. गावोगाव जीर्णोद्धाराच्या नावाखाली हे घडतं आहे, आणि करणाऱ्यांची श्रद्धा खरी असते, म्हणून ते अधिक लागतं.

भुलेश्वर संरक्षित स्मारक आहे. गावोगावच्या लहान देवळांना, पारावरच्या वीरगळांना ते कवच नाही. तेव्हा पुढच्या यात्रेआधी वर्गणी जमली, की रंगाचे डबे आणण्यापूर्वी देवळाच्या चारही बाजूंचे फोटो काढून ठेवा. कुठे अक्षरं दिसली तर त्यांना हात लावू नका, आणि पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या अभ्यासकांना एकदा विचारा.