न्यायाधीशांनाच अटकेचा हुकूम!

मार्च १९६४, लखनौ. एका आमदाराविरुद्ध काढलेल्या पत्रकाच्या प्रकरणात केशव सिंह या गोरखपूरच्या समाजवादी कार्यकर्त्याला उत्तर प्रदेश विधानसभेने हक्कभंगापोटी सात दिवसांसाठी तुरुंगात धाडले. वकील बी. सॉलोमन यांनी १९ मार्चला याचिका केली आणि उच्च न्यायालयाच्या दोघा न्यायाधीशांनी त्याच दिवशी जामीन दिला. सभागृह खवळले. जामीन देणे हाच अवमान, असे ठरवून २१ मार्चला ठराव झाला : दोन्ही न्यायाधीशांना आणि वकिलांना ताब्यात घेऊन सभागृहापुढे उभे करा!

मग अलाहाबादला जे घडले ते विलक्षण होते. उच्च न्यायालयाचे २८ न्यायाधीश एकत्र बसले आणि त्यांनी त्या ठरावाच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. अखेर राष्ट्रपतींनी अनुच्छेद १४३ खाली सर्वोच्च न्यायालयाचे मत मागवले.

सात न्यायाधीशांच्या पीठाचे प्रमुख होते साताऱ्यात जन्मलेले सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर. ३० सप्टेंबर १९६४ चे मत सहा विरुद्ध एक असे आले. आपल्याकडे संसद नव्हे, संविधान श्रेष्ठ. न्यायाधीशाच्या कर्तव्यातील वर्तनावर विधिमंडळात चर्चाही करता येत नाही (अनुच्छेद २११), मग त्याला आरोपी करून बोलावणे तर दूरच. विधिमंडळाच्या मर्यादा इतक्या निःसंदिग्धपणे सांगणारे मत विरळाच.

खुद्द केशव सिंह मात्र सुटले नाहीत. १९६५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली आणि उरलेली शिक्षा त्यांना भोगावी लागली.