गाडी घसरते, बोलणी टायर खातो

भर पावसात माणूस आपणहून गाडी हळू घेतो. काचेवर पाण्याचे लोट, वायपरची धावपळ, पुढच्या ट्रकचे दिवेही धड दिसत नाहीत. घाबरायला पुरेशी कारणं असतात. दगा देतो तो नुसता ओलसर रस्ता. एखादी सर येऊन गेलेली, डबकं कुठे नाही, डांबर जरासं जास्त काळं दिसतंय एवढंच. वेग पुन्हा कोरड्या रस्त्याचा झालेला असतो, पकड मात्र परत आलेली नसते. दिवाळीच्या सुमारास तर त्यासाठी पाऊसही लागत नाही, पहाटेचं दव पुरतं. कऱ्हाड, सांगली, कोल्हापूरकडे याच सुमारास गळीत हंगामाची गडबड सुरू होते. उसाच्या ट्रॉल्या रानातली काळी माती चाकांना घेऊन डांबरीवर येतात. त्या मातीवर दव पडलं की वळणावर ब्रेक लावायचा नसतो, हे कॅन लटकवून निघालेल्या दूधवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

गाडी घसरली की निदान मात्र ठरलेलं असतं: "टायर गोटा झालाय, बदलून टाका." कधी ते खरंही असतं. पण टायरची जी नक्षी बघून आपण हा निकाल देतो, ती ओलसर रस्त्यावर दुय्यम आरोपी आहे.

नक्षीचं काम पाणी वाट करून बाहेर काढण्याचं. रस्त्यावर पाणी साचलेलं असेल तर तिच्यावाचून गत्यंतर नाही. ओलसर रस्त्यावर बाहेर काढण्याएवढं पाणीच नसतं. तिथे असतो मिलिमीटरच्याही अंशाएवढा थर, आणि त्यात कालवलेली धूळ, गळलेलं ऑइल आणि झिजलेल्या टायरांची भुकटी. बरेच दिवस कोरडे गेल्यावर पडणारी पहिली सर सगळ्यात निसरडी ती यामुळेच. तास-अर्धा तास नीट कोसळला की रस्ता धुऊन निघतो आणि थोडा बरा होतो.

रबर रस्त्याला दोन तऱ्हांनी धरतं. एक म्हणजे सरळ चिकटून. दुसरी, खडीच्या टोकांभोवती दबून. टोकावरून सरकताना रबर दबतं आणि पुन्हा वर येतं, पण दबायला लागलेली सगळी शक्ती परत देत नाही. ही गिळलेली शक्ती पकडीच्या कामी येते. मध्ये पाण्याचा थर आला की पहिली तऱ्हा बरीचशी निकामी होते आणि दुसरीवर भिस्त राहते. त्यासाठी खडीच्या अंगावर अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असा खरखरीतपणा लागतो, जो तो थर फोडून रबरापर्यंत पोचेल. आणि रबर त्या खरखरीत कणांभोवती दबण्याइतकं मऊ लागतं. म्हणून ओलसर रस्त्यावर विचारायचे प्रश्न दोन: रबर किती मऊ राहिलंय आणि खडी किती खरखरीत राहिलीय.

फरक किती पडतो? घर्षणाचा गुणांक कोरड्या डांबरावर 0.7 धरला, तर ताशी 60 किलोमीटरवरून ब्रेक दाबल्यावर गाडी साधारण 20 मीटरमध्ये थांबते. ओल्या रस्त्यावर तो 0.4 झाला की 35 मीटर लागतात. पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा सेकंदभराचा वेळ, म्हणजे आणखी 16-17 मीटर, दोन्हींकडे वेगळे.

आता रबराकडे. टायर वापरला नाही तरी म्हातारा होतो. ऊन, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन-ओझोन त्याला कडक करत राहतात. सोसायटीच्या आवारात उन्हात उभी असलेली, वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालणारी काकांची गाडी या बाबतीत सगळ्यात फसवी. नक्षी नव्यासारखी, मालक समाधानी, आणि पहिल्या भुरभुरीला चाकं सरकतात. टायरच्या कडेवर चार आकडे असतात ते वाचावेत. 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. बाहेरच्या बाजूला दिसले नाहीत तर आतल्या बाजूला असतात. खाली वाकायची तयारी हवी. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहाव्या वर्षी दिसायला कितीही चांगला असला तरी काढा, असा टायर कंपन्यांचा साधारण सल्ला असतो. आपल्याकडचं ऊन बघता दहाव्या वर्षाची वाट बघणं मला धाडसाचं वाटतं. कडकपणा मोजायचं शोअर मीटर मिळतं. ते नसेल तर अंगठ्याचं नख नक्षीच्या ठोकळ्यात रोवून पाहायचं आणि तेच शेजारच्या दुकानातल्या नव्या टायरवर करायचं. फरक बोटाला कळतो. ठोकळ्यांच्या मुळाशी बारीक चिरा दिसल्या तर नख रोवायचीही गरज नाही.

मुळात रबर कोणतं, हाही प्रश्न आहेच. पूर्वी टायरच्या मिश्रणात भर असे ती कार्बनच्या काजळीची. मिशलँ कंपनीने 1992 मध्ये सिलिका घातलेला टायर बाजारात आणला. इंधन वाचवायचं तर ओल्यातली पकड सोडावी लागते, ही जुनी अडचण त्याने बरीच सैल केली. भारतात मोटारी, बस आणि ट्रकच्या टायरना ओल्या रस्त्यावरच्या पकडीची किमान पातळी गाठण्याचा नियम फार उशिरा आला. नव्या डिझाइनच्या टायरना तो 1 ऑक्टोबर 2022 पासून लागू झाला. स्कूटर-मोटारसायकलचे टायर त्यात नाहीत. सर्वांत जास्त घसरतो तो दुचाकीस्वार, आणि वगळलेलाही तोच.

याचा अर्थ नक्षी बघूच नये असा नाही. कायद्याने मोटारीला किमान 1.6 आणि दुचाकीला 0.8 मिलिमीटर खोली लागते. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे दिलेले असतात; नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पण साचलेल्या पाण्यात त्याच्या बऱ्याच आधी, तीनेक मिलिमीटरपासूनच, गाडी हलकी वाटू लागते. पाण्यावर चाक तरंगण्याचा अभ्यास नासाच्या लँगली केंद्रात वॉल्टर हॉर्न यांनी 1960 च्या दशकात विमानांच्या चाकांवर केला. त्यांचं सूत्र मोटारीला ढोबळमानाने लावलं, तर 33 पीएसआय हवेच्या टायरला तरंगायला ताशी 95 च्या आसपास वेग लागतो. 24 पीएसआयला तोच 80 च्या जवळ येतो. "पावसाळ्यात हवा थोडी कमी ठेवा, ग्रिप चांगली मिळते" हा सल्ला पंक्चरच्या दुकानापासून ऑफिसच्या कँटीनपर्यंत सगळीकडे मिळतो, आणि तो साफ चुकीचा आहे. हवा कमी झाली की खाचा मिटतात, फक्त कडा दाबल्या जातात आणि गाडी वळणात लोळते. हवा भरायची ती चालकाच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या आकड्याप्रमाणे आणि टायर गार असताना. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो.

रबर, नक्षी, हवा ठीक असूनही गाडी सरकत असेल तर विचारायचं, कुठलं टोक सरकतं? सुकाणू वळवलं तरी गाडी सरळ जाऊ बघते, की मागचा भाग बाहेर फेकला जातो? हा प्रश्न गॅरेजमध्ये क्वचितच विचारला जातो.

कोल्हापूरकडच्या एका गॅरेजमध्ये ऐकलेला संवाद. गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी, तक्रार अशी की आंबोली घाट उतरताना मागून झोल मारते.

"टायर महिन्याभरापूर्वीच घातलेत हो," गिऱ्हाईक म्हणालं.

"किती घातले साहेब?"

"दोन. पुढं. पुढचेच झिजले होते ना."

मिस्त्रींनी मागच्या टायरवर नख टेकवलं आणि पोराला हाक मारली. "चारी खोल रे. पुढचे मागं, मागचे पुढं."

दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे मागे बसवावेत, असं टायर कंपन्या वर्षानुवर्षं सांगतात. आपल्याकडे मात्र पुढचे झिजले म्हणून नवे पुढेच बसतात. पुढची चाकं सरकली तर पाय उचलून बऱ्याचदा सावरता येतं. मागची सरकली की गाडी स्वतःभोवती फिरू लागते आणि ते सावरण्याइतका सराव सामान्य चालकाला नसतो. मागचे टायर पुढे आले की ओल्यात वळायला गाडी जरा नाखूश होते, हे मिस्त्रींनी त्या गिऱ्हाइकाला तेव्हाच सांगून टाकलं. उरलेले दोन बदलण्याची पावती पुढच्या महिन्यात फाटणार, हे दोघांनाही कळलं होतं.

टायरवरची झीज नुसती बघू नये, तळव्याने चाचपावी. नक्षीवरून आडवा हात फिरवला आणि एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर चाकं तिरकी ओढली जाताहेत: अलाइनमेंट. मधलाच पट्टा झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर कमी. थोड्या थोड्या अंतरावर खळगे पडले असतील तर शॉकअप गेलेत. ही शेवटची गोष्ट ओलसर रस्त्यावर भारी पडते, कारण शॉकअप सैल झाला की चाक बारीक उड्या मारतं आणि उडीच्या क्षणी पकड जवळजवळ शून्य असते. कोरड्यात हे खपून जातं. ब्रेक दाबल्यावर गाडी एकाच बाजूला जात असेल तर टायरवाल्याकडे नव्हे, ब्रेकवाल्याकडे.

दुचाकीचं निदान वेगळं, कारण तिचा टायर गोल असतो आणि वळताना ती त्याच्या कडेवर चालते. रोज महामार्गावर सरळ धावणाऱ्या गाडीचा मागचा टायर मधे सपाट होतो. मग तिरपी केली की सपाटीच्या कडेवरून गाडी एकदम खाली पडल्यासारखी वाटते आणि स्वार "ग्रिप गेली" म्हणतो. पुढचं चाक भरकटत असेल तर हँडलचा कोनसेट बघावा: गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचलायचं आणि हँडल हळू फिरवायचं, मधोमध अडकल्यासारखं झालं तर तो बदलायला आलाय. धुलाईवाला चकाकीसाठी पॉलिश मारतो ते टायरच्या भिंतीपुरतं राहत नाही, चालण्याच्या भागावरही उतरतं. त्याला आधीच नको म्हणावं. नवा टायरही सुरुवातीचे शंभरेक किलोमीटर गुळगुळीतच असतो. त्या दिवसांत गाडी झुकवायची हौस आवरावी.

कधी कधी आरोपी रस्ताच असतो. ओळखायची खूण सोपी आहे. एकाच गाडीची तक्रार सगळीकडे असेल तर गाडी बघा. एकाच ठिकाणी सगळ्यांची तक्रार असेल तर रस्ता. उन्हाळ्यात डांबर वर येऊन खडी बुडालेली, वर्षानुवर्षांच्या वाहतुकीने खडीच घासून गुळगुळीत झालेली, चढाच्या वळणावर ट्रकच्या टाकीतून सांडलेलं डिझेल. कोकणात सावलीच्या वळणांवर चक्क शेवाळ धरतं. शहरात पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं आणि उड्डाणपुलाच्या सांध्यांवरच्या पट्ट्या. यांच्यावर नवाकोरा टायरही घसरतो, कारण थर फोडणारा खरखरीतपणा तिथे नाहीच. पुण्यात वर्षावृक्षाच्या चिकट शेंगा चाकांखाली भरडल्या जातात आणि वर सर पडते तेव्हा दोष कोणत्या कंपनीच्या टायरला द्यायचा?

निदान करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, एवढं पथ्य पाळलं तर बरेच पैसे वाचतात. आधी हवा, ती फुकट आहे. मग टायरची अदलाबदल, मग अलाइनमेंट, मग शॉकअप, आणि नवा टायर सगळ्यात शेवटी. रबर कडक झालंय किंवा खाचा संपल्यात हे आधीच दिसलं असेल तरच पहिला. सगळं एकदम केलं तर गाडी सुधारते, पण काय बिघडलं होतं ते कळत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा तेच.

या सगळ्यात डिकीतली स्टेपनी कुणाच्या लक्षात राहत नाही. तिची नक्षी शाबूत असते, कारण ती कधी रस्त्याला लागलेलीच नसते. वय मात्र गाडीएवढंच. पंक्चर झालं की नेमकी हीच बाहेर निघते आणि तीन मऊ टायरांच्या जोडीला एक कडक टायर येतो. हल्ली बऱ्याच गाड्यांत ती आकारानेही लहान असते आणि तिच्यावर ताशी 80 ची मर्यादा छापलेली असते. तारखेचे चार आकडे तिच्यावरही असतात, आणि हवा भरायला गेल्यावर डिकी उघडायला कुणाची हरकत नसते.