मनाचे ओझे आणि डोंगराची वाट

घरात कुणाला ताप आला की आपण दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठतो. साखर वाढली, रक्तदाब वाढला तर शेजाऱ्यांनाही सांगतो. पण तरुण मुलगा आठ-आठ दिवस खोलीबाहेर येत नसेल, बाळंतपणानंतर सुनेला कारण नसताना रडू येत असेल, दादाजान गेल्यापासून दादीने बोलणेच टाकले असेल, तर मात्र आपण दार लावून घेतो. ‘नजर लागली असेल’, ‘लग्नाचे वय आहे, बाहेर कळायला नको’, ‘नमाज पढ, बरे वाटेल’ एवढ्यावर विषय संपतो. नमाज आणि दुआ यांनी मनाला आधार मिळतोच. पण आजारावर इलाज करावा, हेही आपल्या दीननेच शिकवले आहे.

बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने 2015-16 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. देशातील सुमारे 10.6 टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता. आजारानुसार पाहिले, तर अशा रुग्णांपैकी 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. या दरीचे एक कारण लाज हे आहे. म्हणूनच समुपदेशकाच्या खोलीत जायला बिचकणाऱ्या माणसासाठी उपयोगी पडणाऱ्या एका पद्धतीची ओळख आम्ही या लेखात करून देत आहोत. निसर्गात, चालताना, चढताना, थोडे साहस करताना दिला जाणारा हा मानसोपचार आहे.

सहल वेगळी, उपचार वेगळा

या पद्धतीचे मूळ दुसऱ्या महायुद्धात सापडते. जर्मनीतून ब्रिटनमध्ये आश्रय घेतलेले शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी जहाज कंपनीचे मालक लॉरेन्स होल्ट यांच्या साथीने 1941 मध्ये वेल्समधील अबरडोवी येथे ‘आउटवर्ड बाउंड’ ही शाळा सुरू केली. जहाज बुडाल्यावर धडधाकट तरुण खलाशी हिंमत हरतात आणि वयस्कर, अनुभवी खलाशी तग धरतात, असे होल्ट यांचे निरीक्षण होते. तरुणांना समुद्रावर, डोंगरावर नेऊन अडचणीला सामोरे जाण्याची सवय लावायची, हा शाळेचा हेतू होता. पुढे हीच कल्पना मानसोपचारात आली.

मित्रांबरोबर ट्रेकला जाणे आणि हा उपचार यांत फरक आहे. उपचारात प्रशिक्षित समुपदेशक सोबत असतो. कोणते आव्हान कुणाला झेपेल, हे आधी ठरलेले असते. आणि चढून आल्यावर बसून बोलणे होते. ‘मध्यावर परत फिरावेसे वाटले तेव्हा काय केलेस? परीक्षेच्या हॉलमध्येही तसे करता येईल का?’ अशा प्रश्नांतून डोंगरावरचा अनुभव रोजच्या जगण्याशी जोडला जातो. हे बोलणे नसेल तर ती फक्त सहल राहते.

समोरासमोर खुर्चीत बसलेला मुलगा नजर चुकवतो. तोच बरोबरीने चालताना हळूहळू बोलू लागतो, कारण दोघांची नजर वाटेवर असते. शरीर थकते, झोप लागते. ‘मला काहीच जमत नाही’ म्हणणाऱ्याच्या हाती एक डोळ्यांना दिसणारे यश येते.

विज्ञान काय सांगते?

अमेरिकेतील संशोधक रॉजर उलरिच यांचा 1984 मधला अभ्यास प्रसिद्ध आहे. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या काही रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची तीव्र औषधेही कमी लागली. जपानने 1982 पासून ‘शिनरिन-योकू’ म्हणजे ‘वनस्नान’ ही कल्पना रुजवली. जंगलात पाणी नव्हे, हवा, आवाज आणि गंध अंगावर घ्यायचे. 2019 मध्ये इंग्लंडमधील सुमारे 20 हजार लोकांच्या पाहणीत, आठवड्याला एकूण 120 मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि समाधान अधिक चांगले असल्याचे सांगितले.

आपल्यासाठी ही गोष्ट नवी नाही. धरतीवर फिरा, पाहा, विचार करा, असे कुरआन पुन्हा पुन्हा सांगतो. तुर्कस्तानातील एदिर्ने येथे सुलतान बायझीद दुसरे यांनी 1488 मध्ये उभारलेल्या दारुश्शिफामध्ये मनोरुग्णांवर वाहत्या पाण्याचा आवाज, संगीत आणि सुगंध यांच्या साथीने उपचार होत. त्या काळी युरोपात अनेक ठिकाणी अशा रुग्णांना साखळदंडात ठेवत असत.

सलीम अलींची शिकवण

आपल्या शहरात दिल्ली गेटजवळच्या सरोवराला ज्यांचे नाव दिले आहे, त्या डॉ. सलीम अलींचे आयुष्य या संदर्भात पाहण्यासारखे आहे. 1896 मध्ये मुंबईत जन्मलेल्या सलीम यांचे आई-वडील ते तीन वर्षांचे होईपर्यंत दोघेही अल्लाहला प्यारे झाले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. किशोरवयात डोकेदुखीने शाळा वारंवार सुटायची. कोरड्या हवेने बरे वाटेल म्हणून त्यांना सिंधला पाठवले गेले. पुढे ब्रह्मदेशात कौटुंबिक धंदा पाहताना तिथल्या जंगलांनी त्यांना पक्षी ओळखायला शिकवले. 1930 च्या दशकात हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी त्यांनी केली. आपले शहर तेव्हा त्याच संस्थानात होते. या भटकंतीत साथ देणाऱ्या पत्नी तहमीना 1939 मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर वारल्या. दोनच वर्षांनी, 1941 मध्ये, सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे गाजलेले पुस्तक आले. दुःख संपले असे कुणी म्हणणार नाही. पण रोज पहाटे उठून बाहेर पडण्याचे कारण त्यांच्यापाशी होते. खचलेल्या माणसाला सर्वांत आधी तेच लागते.

आपल्या शहरात काय करता येईल?

यासाठी हिमालय गाठायला नको. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) डोंगरांनी वेढलेले आहे. ज्याला उठवतही नाही, त्याने फज्रनंतर हिमायतबागेच्या परिसरात वीस मिनिटे चालण्यापासून सुरुवात करावी. आजी-आजोबांना पाणचक्कीला न्यावे. दूरच्या डोंगरातून जमिनीखालच्या नहरीने आलेले पाणी हौजात कोसळते, तो आवाज ऐकत जुन्या वडाखाली बसणे हेही पुष्कळ आहे.

थोडी हिंमत आली की दौलताबादचा किल्ला. तिथली ‘अंधारी’ म्हणजे शत्रूला चकवण्यासाठी खोदलेली काळोखी, वळणावळणाची वाट. भीतीचा विकार असणाऱ्यांसोबत समुपदेशक जे टप्प्याटप्प्याने करतात, ते इथे समजून घेता येते. पहिल्या दिवशी नुसते तोंडाशी उभे राहायचे. पुढच्या खेपेला हात धरून चार पावले. ‘आज नको’ म्हणण्याचा हक्क नेहमी त्याचाच. कुणाला ढकलले, चिडवले, व्हिडिओ काढला, तर भीती दुप्पट होते. पावसाळ्यानंतर म्हैसमाळचे पठार आणि कन्नडकडचे गौताळा अभयारण्य आहेच.

मुली आणि महिलांचे काय? घरातील पुरुषांना मैदान आहे, नाका आहे, दुकान आहे. अनेक बायकांना आठवडाभर आकाशही नीट दिसत नाही. मोहल्ल्यातल्या चार-पाच जणींनी मिळून सकाळी चालायला जाणे परवडणारे आणि सुरक्षित आहे. त्या वेळी मुलांना आणि चुलीला सांभाळण्याची जबाबदारी घरातल्या पुरुषांनी घ्यावी. एरवी हा सल्ला कागदावरच राहील.

सावधगिरी महत्त्वाची

निसर्ग औषधाची जागा घेत नाही. भास होणे, अतिउत्साहाचे झटके, तीव्र नैराश्य यांत डॉक्टरांची औषधे लागतात. ‘आता फिरतो ना’ म्हणून ती बंद करू नयेत. जीव द्यावासा वाटतो असे कुणी म्हणाले, तर त्याला डोंगरावर नेऊ नका. एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. घाटी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत मिळते.

‘बिघडलेल्या मुलांना सुधारतो’ म्हणणाऱ्या शिबिरांपासूनही सावध राहावे. अमेरिकेत अशा काही जंगल-छावण्यांमध्ये मुलांचे मृत्यू झाले. तिथल्या संसदेपुढे 2007 मध्ये त्याची चौकशी मांडली गेली. शिबिरात पाठवण्यापूर्वी विचारा: समुपदेशकाचे शिक्षण काय? प्रथमोपचार कोण करणार? मुलाला घरी फोन करता येईल का? मुलींसोबत महिला असेल का? उत्तरे टाळली, तर पैसे भरू नका.

येत्या रविवारी घरातल्या त्या गप्प झालेल्या माणसाला एवढेच म्हणावे, ‘चल, जरा पाय मोकळे करून येऊ.’ मोबाइल खिशात राहू द्या. रस्त्यात उपदेश नको, प्रश्नांचा मारा नको. बोलला तर ऐका, नाही बोलला तर सोबत चाला. आणि चालूनही ओझे हलके झाले नाही, तर त्याच पावलांनी डॉक्टरांकडे जाण्यात कोणतीही लाज नाही.