घरच्या राऊटरवर काही साइट उघडत नसतील तर काय करावे?



मार्चअखेरची गोष्ट. आपल्या एका सभासदांना सोसायटीच्या कर्जप्रकरणासाठी सात-बारा आणि आठ-अ हवा होता. घरी फायबरचे कनेक्शन आहे, पोरांना सगळे येते, म्हणून त्यांनी घरीच उतारा काढायचे ठरवले. तीन दिवस प्रयत्न केला. यूट्यूब चालू, व्हॉट्सॲप चालू, हवामान खात्याची साइट चालू. फक्त भूमी अभिलेखाची साइट काही केल्या उघडेना. ‘सरकारी साइट, बंदच असणार’ असे म्हणून त्यांनी नाद सोडला. चौथ्या दिवशी कोणीतरी मोबाइलवर लिंक पाठवली, ‘सात-बारा पाच मिनिटांत’. ती लिंक झटकन उघडली. तिने नाव घेतले, गट नंबर घेतला आणि शेवटी डेबिट कार्डाचा नंबर व ओटीपी मागितला. सूनबाई शेजारी बसल्या होत्या म्हणून निभावले. त्यांनी फोन हातातून काढून घेतला, वायफाय बंद केले आणि मोबाइलच्या नेटवर खरी साइट लावली. ती लगेच उघडली.

म्हणजे सरकारी साइट बंद नव्हती. दोष घरातल्या पेटीत होता. तो काय होता ते पुढे सांगतोच. पण असा प्रकार अनेक घरांत होतो आणि आपण मात्र साइटला नावे ठेवतो. अनुदानाचा अर्ज असो की मुलांचा परीक्षेचा फॉर्म, मुदत काही आपल्या राऊटरसाठी थांबत नाही. म्हणून हा विषय सविस्तर मांडत आहोत.

पाणी कुठे अडले?

वावरात पाणी आले नाही तर आपण एकदम धरणावर जात नाही. आधी दारे बघतो, मग शेतचारी, मग चारी, मग वितरिका. नेटचेही तसेच आहे. एका टोकाला आपला मोबाइल, मग राऊटर, मग नेट पुरवणारी कंपनी आणि दुसऱ्या टोकाला ती साइट. एवढ्या वाटेत पाणी कुठे अडले ते आधी शोधावे. त्यासाठी तीन साध्या परीक्षा आहेत.

१) वायफाय बंद करून मोबाइलच्या नेटवर तीच साइट उघडावी. उघडली तर साइट ठीक आहे. अडचण घरच्या राऊटरमध्ये किंवा फायबरच्या कंपनीकडे आहे. तिथेही उघडली नाही तर साइटच बंद असेल, नाहीतर आपल्या मोबाइलात काही बिघडले असेल.

२) त्याच वायफायवर घरातला दुसरा मोबाइल किंवा कॉम्प्युटर लावून बघावा. दुसऱ्यावर उघडली तर दोष पहिल्या मोबाइलाचा. दोन्हींवर अडली तर राऊटर बघावा.

३) आणखी चार-पाच साइट उघडून बघाव्यात. काहीच उघडत नसेल तर हा लेख बाजूला ठेवून कंपनीला फोन करावा. पेटीवर लाल दिवा लागला असेल तर बहुधा फायबरच तुटलेली असते.

नावाचा नंबर कोण सांगतो?

पुढचे समजायला एक गोष्ट माहीत हवी. आपण साइटचे नाव टाकतो, पण यंत्रांना नाव कळत नाही, नंबर कळतो. नावावरून नंबर शोधून देणाऱ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. अमेरिकेतील पॉल मोकापेट्रिस यांनी ती १९८३ साली मांडली. गटाच्या ऑफिसात सभासदाचे नाव सांगितले की कारकून वही बघून सभासद क्रमांक सांगतो, तसेच हे काम. आता कारकुनाची वही जुनी असेल, किंवा ‘हे नाव सांगायचे नाही’ असे त्याला कोणी बजावले असेल, तर माणूस गावात असूनही आपल्याला सापडणार नाही. ठराविक साइट न उघडण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

आधी मोबाइल तपासा

दोष एकाच मोबाइलात असेल तर चार गोष्टी बघाव्यात. पहिली, तारीख आणि वेळ. साइटची ओळख पटवणाऱ्या दाखल्याला मुदत असते. मोबाइलात चुकीचे साल असेल तर तो खरा दाखलाही अमान्य करतो आणि ‘ही साइट सुरक्षित नाही’ असे म्हणतो. दुसरी, व्हीपीएन. पोरे गेमसाठी किंवा सिनेमासाठी हे ॲप टाकतात. त्यामुळे साइटला वाटते की आपण परदेशात बसलो आहोत, आणि काही सरकारी साइट परदेशातून उघडत नाहीत. ते बंद करून बघावे. ज्यांची मुले नोकरीनिमित्त परदेशात आहेत आणि तिथून गावचा उतारा काढू पाहतात, त्यांनाही ही अडचण येऊ शकते. त्यात त्यांच्या राऊटरचा दोष नसतो. तिसरी, अँड्रॉइड मोबाइलच्या सेटिंगमधील ‘प्रायव्हेट डीएनएस’. तिथे कोणी वेगळे नाव भरले असेल तर ते ‘ऑटोमॅटिक’वर आणावे. चौथी, ब्राउझरमध्ये साठलेली जुनी माहिती पुसावी किंवा दुसऱ्या ब्राउझरने बघावे.

मग राऊटर

प्रथम राऊटरचे बटन बंद करावे, अर्धा मिनिट थांबावे, मग चालू करावे. दिवे स्थिर व्हायला दोन-तीन मिनिटे लागतात. राऊटर थोडा वेळ जुने नंबर लक्षात ठेवतो. साइटने नंबर बदलला असेल तर बंद-चालू केल्याने तो नवा नंबर विचारतो. बरीच कामे एवढ्यावर होतात.

न झाल्यास राऊटरच्या आत जावे लागते. वायफायला जोडलेल्या मोबाइलाच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ हा पत्ता टाकावा (अंक इंग्रजी टाकावेत). नक्की पत्ता, नाव आणि पासवर्ड पेटीच्या खालच्या चिठ्ठीवर बहुधा छापलेले असतात. काही कंपन्या हे पान कुलूपबंद ठेवतात. तसे असेल तर त्यांच्याच माणसाला बोलवावे. काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवावा. नंतर पुढील गोष्टी बघाव्यात.

अ) पेरेंटल कंट्रोल, यूआरएल फिल्टर किंवा कीवर्ड फिल्टर. मुलांना नको त्या साइटपासून दूर ठेवण्यासाठी ही सोय असते. यात काही राऊटर पूर्ण नाव न बघता नुसती अक्षरे बघतात. क्रिकेटचे थेट सामने बंद व्हावेत म्हणून कोणी ‘लाइव्ह’ हा इंग्रजी शब्द अडवला, तर ज्या साइटच्या नावात ‘लाइव्हस्टॉक’ म्हणजे पशुधन असा शब्द आहे, तीही अडते. हा घोळ नवा नाही. इंग्लंडमध्ये स्कनथॉर्प नावाचे गाव आहे. त्या नावाच्या पोटात एक असभ्य शब्द दडला आहे, म्हणून १९९६ साली अमेरिका ऑनलाइन या कंपनीच्या यंत्रणेने त्या गावच्या लोकांची नोंदणीच नाकारली होती.

आ) वेळेचे बंधन. रात्री दहानंतर अमुक साइट बंद, असे कधीतरी लावलेले असते आणि विसरलेले असते. राऊटरचे घड्याळ चुकले तर हे बंधन भर दिवसा लागू होते.

इ) फायरवॉल. ‘हाय’वर असेल तर काही राऊटर नेहमीपेक्षा वेगळ्या दाराने चालणाऱ्या साइट अडवतात. ‘मीडियम’ करून बघावे. पूर्ण बंद करून ठेवू नये. बांधाला भगदाड पाडून पाणी घेण्यासारखे ते होईल.

ई) डीएनएसचे नंबर. तिथे कंपनीचे नंबर असतात किंवा कोणी हाताने भरलेले असतात. ८.८.८.८ हा गूगलचा आणि १.१.१.१ हा क्लाउडफ्लेअरचा, हे दोन्ही सर्वांना खुले आहेत. पण १.१.१.३ हा नंबर मुद्दाम प्रौढांच्या व घातक साइट गाळतो. शेवटच्या एका आकड्याने एवढा फरक पडतो. अनोळखी नंबर दिसला तर मात्र सावध व्हावे. डीएनएस-चेंजर नावाच्या घातक प्रोग्रामने जगभर सुमारे ४० लाख कॉम्प्युटरांचे हे नंबर बदलून लोकांना भलत्याच साइटवर नेले होते. अमेरिकेच्या एफबीआयने नोव्हेंबर २०११ मध्ये ती टोळी उघडकीस आणली. त्या प्रोग्रामने राऊटरचे सोपे पासवर्डही वापरून बघितले होते. ज्यांच्या राऊटरचा पासवर्ड अजून ‘ॲडमिन’ असेल, त्यांनी आजच बदलावा.

उ) एमटीयू. साइट उघडायला लागते आणि अर्ध्यात लटकते, छोटी पाने येतात पण मोठी येत नाहीत, असे असेल तर हे कारण संभवते. उसाची ट्रॉली फार उंच भरली तर कमानीखालून जात नाही, पण रिकामी जाते. तसे हे आहे. नेटवरचा माल साधारण १५०० बाइटच्या गठ्ठ्यांत जातो. नाव-पासवर्ड लावून चालणाऱ्या पीपीपीओई पद्धतीच्या कनेक्शनवर ८ बाइट जादा खर्ची पडतात, म्हणून गठ्ठा १४९२ चा लागतो. हे काम कंपनीच्या माणसाकडून करून घ्यावे. त्याला ‘एमटीयू बघा’ एवढे सांगितले तरी पुरे.

राऊटरच्या पलीकडे

कधी राऊटर निर्दोष असतो. अनेक कंपन्या पुष्कळ घरांना मिळून बाहेरचा एकच नंबर देतात. त्यातल्या एका घरातून कोणी आगळीक केली आणि साइटने तो नंबर बंद केला, की बाकीच्या घरांनाही शिक्षा. हे कंपनीच सोडवू शकते. तक्रार करताना कोणत्या साइटवर, किती वाजता, काय संदेश आला आणि मोबाइलच्या नेटवर ती उघडते का, हे सांगावे. ‘नेट चालत नाही’ एवढेच सांगितले तर तेही ‘इथून बरोबर आहे’ एवढेच सांगतात. तक्रारीचा नंबर अवश्य मागून घ्यावा. २०१२ च्या ट्रायच्या नियमांप्रमाणे तो देणे कंपनीला बंधनकारक केले आहे, आणि समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येते.

काही साइट सरकारच्या आदेशाने बंद असतात. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६९-अ प्रमाणे तसा अधिकार केंद्र सरकारला आहे. जून २०२० मध्ये टिकटॉकसह ५९ ॲप याच कलमाखाली बंद झाले. तसा संदेश दिसला तर राऊटर उघडून खटपट करू नये, आणि ‘चालू करून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादीही लागू नये.

या चुका टाळा

पेटीच्या मागे बारीक छिद्र असते. त्यात टाचणी खुपसली की सगळी माहिती पुसली जाते. त्यात कनेक्शनचे नाव-पासवर्डही जातात आणि चार साइट उघडत नव्हत्या तिथे सगळेच नेट बंद पडते. म्हणून कंपनीला विचारल्याशिवाय तिथे हात लावू नये. आणि खरी साइट अडली म्हणून कोणी पाठवलेल्या लिंकवर जाऊ नये. सरकारी साइटचे नाव बहुतेक ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ने संपते, ते शेवट बघावे, सुरुवात बघून फसू नये. पैसे गेलेच तर लाजून घरी बसू नये, ताबडतोब १९३० ला फोन करावा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

आता त्या सभासदांच्या घरी काय निघाले ते सांगतो. घरातल्या एका तरुणाला मोबाइलवरच्या सट्ट्याचा नाद लागला होता. त्याच्या थोरल्या भावाने कोणाला न सांगता राऊटरमध्ये त्या साइटच्या नावाची पहिली अक्षरे अडवली होती. ती अक्षरे होती ‘महा’. सट्टा थांबला, पण त्याबरोबर महाभूमी, महाडीबीटी आणि नावात ‘महाराष्ट्र’ असलेली प्रत्येक साइट अडली. थोरल्याचा हेतू चांगला होता. आता त्याने चार अक्षरांऐवजी सट्ट्याच्या साइटचे पूर्ण नाव अडवले आहे, आणि मुख्य म्हणजे घरात सर्वांना सांगितले आहे. उतारा दुसऱ्या दिवशी सोसायटीत पोचला.

म्हणून आमची विनंती एवढीच, की राऊटरमध्ये कोणी काही बदल केला तर तो एका वहीत तारखेसह लिहून ठेवावा, जसा आपण खताचा आणि पाण्याच्या पाळीचा हिशेब ठेवतो. आणि हे पान कापून राऊटरजवळ ठेवावे. गरज पडेल तेव्हा नेट बंद असेल, कागद मात्र हाताशी राहील.