अळसांद्याला खत कमी पडते की ऊन?

खरीप भाताची कापणी आटोपली की पेडणे व डिचोली तालुक्यांतील शेतांत उरलेल्या ओलीवर अळसांदे पेरले जातात. पुढे तेच म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात येतात. एकाच दिवशी पेरलेल्या बियाण्याला शेताच्या मधोमध शेंगा लगडतात आणि बांधावरच्या आंब्याखाली मात्र नुसता पाला माजतो. तिथली जमीन निकस आहे, असे समजून आणखी शेणखत टाकले जाते. त्याने पीक सुधारत नाही, उलट बिघडते.

सेंद्रिय द्रव्याचे महत्त्व वादातीत आहे. आपली जांभ्याची जमीन आम्लधर्मी असून तिच्यातील लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला घट्ट धरून ठेवतात. चांगले कुजलेले खत ही पकड काहीशी सैल करते आणि पाऊस गेल्यावरही ओल टिकवते. मृदा आरोग्य पत्रिकेवर सेंद्रिय कर्बाचा आकडा असतो. तो ०.५ टक्क्याखाली असल्यास कमी, ०.७५ टक्क्यावर असल्यास भरपूर मानतात. अर्धाकच्चा पातेरा मात्र पेरणीच्या तोंडावर मातीत मिसळू नये. तो कुजवणारे जंतू जमिनीतील नत्र स्वतःच वापरतात आणि रोपे पिवळी पडतात.

अळसांदा नत्राची सोय बरीचशी स्वतःच करतो. मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र पिकाला देतात आणि त्या बदल्यात साखर घेतात. ही साखर पानांत उन्हावर तयार होते. सावलीत ती घटली की गाठी उपाशी राहतात, फुले गळतात आणि वेल उजेडाच्या शोधात लांबत जातो. त्यात खताचे नत्र मिळाले की गाठी आणखी कमी धरतात, पाला वाढतो आणि त्या कोवळ्या पाल्यावर मावा बसतो.

भाताच्या वेळी न जाणवलेली सावली आताच का नडते? जूनमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो, तर डिसेंबरात तो दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून सुमारे ५१ अंशांवरच असतो. त्यामुळे दक्षिण बांधावरील १० मीटर उंच आंब्याची सावली भर दुपारीही उत्तरेस सुमारे ८ मीटर शेतात पडते. एकट्यादुकट्या माडाची विरळ, सरकती सावली तेवढी नडत नाही.

म्हणून पेरणीपूर्वी दक्षिणेकडील झाडांच्या खालच्या फांद्या छाटाव्यात. झाड शेजाऱ्याचे असेल, तर मात्र प्रश्न केवळ शेतीचा राहत नाही! छाटणी शक्य नसल्यास तो पट्टा अळसांद्यातून वगळावा, पाण्याची सोय असेल तर तिथे अळू लावावे आणि वाचलेले शेणखत उन्हातल्या वाफ्यांना द्यावे.