शंभरातले पाच

एखाद्या शाळेत शंभर मुलांनी नाव घातले आणि पाचच उत्तीर्ण झाली, तर त्या शाळेबद्दल आपण काय म्हणू? इंटरनेटवरच्या, सर्वांना खुल्या असलेल्या अभ्यासक्रमांचा निकाल पुष्कळदा असाच लागतो. मग हे अभ्यासक्रम वाया गेले का? उत्तर देण्यापूर्वी अपूर्णांकाचा छेद तपासू या.

हार्वर्ड आणि एमआयटी या अमेरिकी विद्यापीठांच्या २०१२-१३ मधील १७ अभ्यासक्रमांत ८,४१,६८७ नोंदण्या झाल्या. प्रमाणपत्रे मिळाली ४३,१९६, म्हणजे सुमारे ५ टक्के. पण २,९२,८५२ नोंदण्यांत अभ्यासक्रम एकदाही उघडला गेला नव्हता. त्या वगळल्या, तर प्रमाण जवळजवळ ८ टक्के होते. नोंदणी फुकट असल्यामुळे कुतूहलापोटीही नाव घातले जाते. शाळाप्रवेशाचे तसे नसते.

हार्वर्डच्या नऊ अभ्यासक्रमांत विद्यार्थ्यांना आधीच हेतू विचारला होता. २०१४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अभ्यासक्रम पूर्ण करायचाच असे म्हणणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांना प्रमाणपत्र मिळाले. नुसते चाळून पाहायचे होते, त्यांच्यापैकी ६ टक्क्यांना. म्हणजे छेदात कोण आहे, यावर निकाल ठरतो. मात्र निश्चय केलेल्यांपैकीही ७८ टक्के मागे राहिले, हे विसरून चालणार नाही.

आता आपल्याकडे या. 'स्वयम्' हे केंद्र सरकारचे व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले. तेथे शिकणे फुकट आहे; प्रमाणपत्रासाठी मात्र फी भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते. समजा, पालघर जिल्ह्यातल्या पोशेरा गावी विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी तिथले विद्युतधारेवरचे दोनच पाठ पाहिले. दुसऱ्या दिवशी मुलांनी सेल, तार आणि बल्ब जोडून मंडल पूर्ण केले. बाईंचे काम झाले. त्याच शाळेतल्या एका गुरुजींना प्रमाणपत्र हवे होते. त्यांनी सगळे गृहपाठ केले, पण दूरच्या केंद्रावर वेळेत पोहोचता आले नाही. दोघांपुढेही शेरा एकच : अपूर्ण.

बाईंच्या 'अपूर्ण'ची काळजी करण्याचे कारण नाही. गुरुजींचे 'अपूर्ण' मात्र व्यवस्थेचे अपयश आहे. टक्केवारी हा भेद पुसून टाकते.

तेव्हा पुढच्या वेळी नाव घालताना वहीत एक ओळ लिहा : मला यातून काय हवे आहे? महिन्याभराने ती ओळ पुन्हा वाचा. निकाल तिच्यावरून लावा.